गोव्यात घरोघरी वीज आणि गॅस आहे, मग ‘ऊर्जा-गरीब’ कुटुंबं कोणती?

कनेक्शनं मोजत बसलात तर फारशी सापडणार नाहीत. मीटर कोणाच्या नावावर आहे ते विचारा, मग भेटतील.

आम्ही पेडण्यातले मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर असलेले. 1975 च्या मुंडकार कायद्याने घर राखलं, पण मीटरला भाटकाराचं ना-हरकत पत्र आणा असं बाबांना सांगण्यात आलं, आणि भाटकार ‘चवथ होऊ दे, मग बघू’ म्हणत राहिला. अशा चार गणेशचवथी गेल्या. तोवर शेजाऱ्यांकडून ओढलेली एक वायर, तिच्यावर 40 चा एक बल्ब. रात्री साडेनऊला ते त्यांच्या घरातून बटण बंद करायचे. पुढचा अभ्यास मी आणि दादा चिमणीवर करायचो. सकाळी नाकात काजळी. महिन्याचे पैसे तर द्यायचोच, वर आई त्यांच्या काजू वेचायला फुकट जायची, ‘लाईट देतात ना’ म्हणून. ही मजुरी कुठल्या बिलात दिसते?

तोच दादा आज वास्कोला पाच खोल्या भाड्याने देतो. मीटर एक, त्याच्या नावावर, खोल्यांना सबमीटर. भाडेकरू बांधकामावरचे. त्यांना वीज महाग का पडते विचारलं तर दादा म्हणतो, ‘बिलच तेवढं येतं, मी काय करू?’ अरे, येणारच! घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिल्या 100 युनिटांना सगळ्यात कमी. खोलीमागे 80 युनिटं धरली तर वेगळ्या मीटरवर पाचही जण पहिल्याच टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर तीच 400 होतात आणि पत्र्याच्या खोलीला बंगल्याचा दर लागतो. गेल्या चवथीला यावरून आमचं इतकं वाजलं की वहिनीने पातोळ्यांचं ताट मध्ये आणून ठेवलं.

गॅसचं थोडक्यात: 2016 च्या उज्ज्वला योजनेने बायकांच्या नावावर कनेक्शन दिलं, पण 14.2 किलोच्या सिलिंडरचे पैसे एकरकमी लागतात आणि मजुरी येते रोजची. म्हणून चहा गॅसवर, भात नि न्हाणीचं पाणी चुडतांवर (माडाच्या झावळ्यांवर). याला ‘सवय’ म्हणणाऱ्याने (दादाच!) एक पावसाळा ओली चुडतं फुंकून बघावीत.

भाडेकरू असाल तर विद्युत कायदा 2003, कलम 43 वाचा: वीज मागण्याचा अर्ज मालकाप्रमाणे भोगवटादारही (तिथे राहणाराही) करू शकतो. करा बिनधास्त. हां, ताब्याचा पुरावा लागतो, आणि मालक खोली खाली करायला सांगेल ही भीती खोटी नाही. तेव्हा आधी दुसरी खोली बघून ठेवा.

आणि दादा, हे वाचत असलास तर पाचही मीटरांचे पैसे मी भरतो. तू फक्त ना-हरकत पत्र दे.