आधी ओहोटीला किनाऱ्यावर जा

पक्ष्यांच्या उत्क्रांतीवर काम करायचं म्हणून तू लगेच हैदराबाद-बंगळूरच्या प्रयोगशाळा शोधू लागलीस. पण गुहागरचा किनारा तुझ्या दारात आहे. ऑक्टोबरात ओहोटीला जा. ओल्या वाळूवर चार पावलं पळून थबकणारे, पुन्हा पळणारे ते भुरकट, छोटे वाळू-चिखल्या पक्षी बघ. आम्ही शिकलो तेव्हा ती एकच जात होती. 2022 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळलं, की तिबेटच्या पठाराकडचे वेगळे आणि सायबेरियाकडचे वेगळे. सायबेरियाकडचे तर मोठा वाळू-चिखल्या या दुसऱ्याच जातीचे जवळचे नातलग! आपल्याकडे हिवाळ्यात येतात ते मुख्यतः तिबेटकडचे. दिसायला सारखे, नात्याने दूर. ही गाठ सोडवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि मला त्याचा आनंदच आहे.

मग परवानगी काढून मुंबईला बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पक्ष्यांच्या नमुन्यांचा संग्रह बघ. खणात पक्षी उताणे ठेवलेले, पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. आधी चिठ्ठी वाच: ठिकाण, तारीख, नर की मादी. विद्यार्थी असताना नमुन्याच्या एका कुपीवर ठिकाण लिहायचं माझ्याकडून राहिलं आणि तो नमुना वाया गेला. अजून टोचतं.

एमएस्सी, नेट परीक्षा, पीएचडी. आठ-दहा वर्षं धरून चाल. संख्याशास्त्र आत्ताच शिकायला घे. आणि किनाऱ्यावर मेलेला पक्षी दिसला, तर अभ्यासासाठी म्हणूनही घरी आणू नकोस. फोटो काढ, जागा लिही, वनखात्याला कळव.