मे अखेरीस नागपुरात १० किमीची शर्यत आहे. अंतर कमी आहे, तरी उन्हाची किती काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नेहमी पळता, १० किमीला पंचावन्न मिनिटं लागतात, शर्यत सकाळी सहाला सुटणार आहे आणि ‘अंतर तसं कमीच आहे’. मी नागपूरचा. इथल्या उन्हाळ्यात पळतो, आणि शर्यतींत शेवटच्या किलोमीटरला स्वयंसेवक म्हणून उभाही राहतो. म्हणून आधी तुमच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलतो. मला काळजी त्याचीच वाटते.

पळताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन अंगात साठायला लागतो. वेग वाढला की उष्णताही तेवढीच वाढते. मॅरेथॉनला माणूस स्वतःला राखून पळतो. पाच-दहा किलोमीटरला कोणी राखत नाही, पहिल्या किलोमीटरपासून ताणतो. त्यामुळे उन्हात जोर लावल्यानं होणारा उष्माघात छोट्या शर्यतीत सहज गाठतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टात फालमाउथची शर्यत होते, अंतर जेमतेम सव्वाअकरा किलोमीटर. पण या प्रकारच्या उष्माघाताबद्दल आज डॉक्टरांना जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं तिथल्या वैद्यकीय तंबूत शिकलेलं आहे. १९७८ मध्ये अल्बर्टो सालाझार हा कॉलेजातला तयारीचा धावपटू तिथे कोसळला. अंगात १०८ फॅरनहाइट ताप, पाद्रीनं अंत्यसमयीची प्रार्थनासुद्धा म्हटली. बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यानं तो वाचला आणि १९८० मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकला. तेव्हा ‘मी फिट आहे’ हे उन्हापुढे कारण म्हणून पुरत नाही.

आता नागपूरचं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागलेला असेल. दुपारी पारा ४४-४५ वर जातो हे तुम्ही ऐकून असाल, पण तुमचा संबंध सकाळशी आहे. इथे मे अखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, पुण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणजे सहाला शर्यत सुटते तेव्हा ऊन आलेलं असतं, आणि लाटेच्या दिवसांत पहाटेही तापमान तिशीच्या खाली उतरत नाही. त्यात आमचे सिमेंटचे रस्ते. आदल्या दिवशीची धग रात्रभर धरून ठेवतात, पायाखालून ती जाणवते. हवा कोरडी, त्यामुळे घाम येतो तसा उडून जातो. टी-शर्ट फारसा भिजत नाही, फक्त पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटतात. बाहेरचे लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं घामच येत नाहीये. खरं तर घाम उडतो म्हणूनच अंग थंड राहतं, आणि त्या अर्थानं मुंबईच्या दमट ३३ अंशांत जोरात पळणं जास्त वाईट. पण कोरड्या हवेत पाणी किती गेलं हे कळत नाही, तहान लागेपर्यंत बरंच गेलेलं असतं.

तयारीला दोन आठवडे हातात ठेवा. उन्हाची सवय शरीराला खरोखर लागते: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं, त्याच वेगाला नाडी कमी धावते. त्यासाठी पुण्यात पहाटे पाचचं पळणं सोडून आठ-साडेआठला निघा. आधी वीस मिनिटं, मग हळूहळू पाऊण तास, सगळं सावकाश. या दिवसांत वेगाचे सराव नकोत. पोट बिघडलं, ताप येऊन गेला, रात्री झोप झाली नाही, तर शर्यत सोडून द्या. लग्नाच्या रात्रीचं जागरण करून पळायला येणारे दरवर्षी दिसतात, मला त्यांची फार काळजी वाटते.

शर्यतीत पंचावन्न मिनिटांचा विचार डोक्यातून काढा. पासष्ट धरून निघा, आणि पहिले तीन किलोमीटर शेजारच्याशी बोलता येईल इतकेच पळा. पाणी प्या, पण नुसतं पाणी उष्माघात टाळत नाही. वेग तोच ठेवला तर पोटात लिटरभर पाणी असूनही माणूस कोसळतो. पाण्याच्या टेबलावर एक ग्लास प्यायला, एक डोक्यावर आणि मानेवर. टोपीत बर्फाचे तुकडे ठेवता आले तर उत्तम. घरातलं मोठं माणूस खिशात कांदा देईल. मायेनं देतात, घ्या. पण अंगातली उष्णता तो ओढून घेत नाही, हे लक्षात असू द्या.

आयोजकांना एकच प्रश्न विचारा: शेवटी बर्फ आणि अंग बुडवण्याची सोय आहे का? मागे एक मुलगा शेवटच्या वळणावर झोकांड्या देत आला. अंग घामानं चिंब, म्हणून बघणाऱ्यांना तो ठीक वाटला. मी विचारलं, कुठून आलास? तो रागानं माझा हात झटकत राहिला, उत्तर एकही धड नाही. असं असंबद्ध बोलणं, चिडणं, तोल जाणं हीच खूण. घाम थांबण्याची वाट बघायची नसते. आम्ही त्याला मंडपवाल्याच्या ताडपत्रीत झोपवलं, कडा चौघांनी उचलून धरल्या, पाण्याचे कॅन ओतले आणि बर्फाची लादी फोडून आत टाकली, पाणी हलवत राहिलो. ‘थंडी वाजतेय’ म्हणाला तेव्हा १०८ नंबरची रुग्णवाहिका पोचली होती. गाडी लगेच मागवायची, पण ती येईपर्यंत थांबायचं नाही. आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिला अर्धा तास जीव वाचवतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि कपाळावर धरायच्या ताप मोजायच्या बंदुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, अंगाच्या आतला ताप ती दाखवत नाही.

पळून झाल्यावर सावलीत चालत राहा, मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस घोट घोट घ्या. दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळी आधीही नको, लगेच नंतरही नको. आणि संध्याकाळपर्यंत लघवी झालीच नाही, किंवा कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात जा.