तयारी संपतच नाही, तोंड उघडतच नाही

“सगळं समजतं हो, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही.” इंग्रजीबद्दलची ही तक्रार माझ्याकडे सतत येते. मी इंदूरला समुपदेशन करते. येणारे बहुतेक हिंदी माध्यमात शिकलेले. कुणी खंडव्याचं, कुणी धारचं, कुणी पार रीव्याहून नोकरीसाठी इथे आलेलं. भंवरकुआँ भागात महिन्याभरात फर्राटेदार अंग्रेज़ी शिकवणाऱ्या पाट्या हव्या तितक्या. त्यांतल्या एक-दोन ठिकाणी फी भरून झाली, की मग माणसं माझ्या दारात येतात, तीही घरच्यांपासून लपवून. इंग्रजीसाठी कुणी समुपदेशकाकडे जातं का!

त्यांच्यापैकी एका बाईंची गोष्ट सांगते. परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय अडतीस, शिक्षण एम.कॉम. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका औषध कंपनीत बरीच वर्षं अकाउंट्समध्ये. काम चोख, म्हणून साहेबांनी त्यांना एक्स्पोर्टच्या कागदपत्रांवर घेतलं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, एलसीतल्या (पैसे मिळण्याच्या बँकेच्या हमीपत्रातल्या) अटी, सगळं तोंडपाठ. अडचण एकच, परदेशी खरेदीदारांबरोबरचे कॉल. कॉलच्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा. कॉल सुरू झाला की माइक म्यूट. काही विचारलं गेलं तर त्या शेजारच्या ज्युनिअर मुलाच्या कानात हिंदीत सांगायच्या आणि तो इंग्रजीत बोलायचा. माहिती यांची, आवाज त्याचा. बढतीच्या यादीत त्याचं नाव आलं, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

पहिल्याच भेटीत पिशवीतून तीन वह्या निघाल्या. एकीत टेन्सचे तक्ते, दुसरीत शब्द, तिसरीत वाक्प्रचार: लाल शाईत इंग्रजी, निळ्या शाईत हिंदी अर्थ. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, ‘किक द बकेट’, ‘वन्स इन अ ब्लू मून’. अक्षर इतकं सुरेख की बघत राहावं. रोज पहाटे स्वयंपाकाला लागण्याआधी हा अभ्यास, कित्येक वर्षांपासून. मी विचारलं, यातलं शेवटचं वाक्य कुणाशी बोललात? त्या जरा थांबल्या. “अभी तो तैयारी चल रही है, मैडम. एक बार ग्रामर पक्की हो जाए, फिर बोलूँगी.”

मला जे सांगायचं आहे ते या वाक्यात आहे. ही तयारी म्हणजे टाळाटाळ होती. अभ्यासाच्या वेषात आल्यामुळे ती कुणालाच ओळखू येत नव्हती, त्यांनाही नाही. भीती वाटते ती गोष्ट टाळली की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. कॉलवर गप्प बसल्याची बोच रात्री सलायची, पहाटे वही उघडली की शमायची. वह्या भरत गेल्या. म्यूटचं बटण जागच्या जागी.

परक्या भाषेत बोलतानाची भीती ही एक वेगळी गोष्ट आहे, हे १९८६ साली भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं आणि ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. प्रश्नावली वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यातली काही विधानं मी ऑफिसला लागू होतील अशी फिरवून विचारते. (हिंदीतल्या बैठकीतही हात थरथरत असतील, तर मामला निराळा. तिथे आधी मानसोपचारतज्ज्ञ, इंग्रजीचं नंतर बघू.) या बाईंना झोंबलं ते हे: इतर लोक माझ्यापेक्षा चांगलं बोलतात असं सारखं मनात येतं.

‘इतर’ म्हणजे कोण, हे खणत गेलो तसं ऑफिस मागे पडलं आणि मुलगा पुढे आला. सहावीतला, इंग्रजी माध्यमातला. पालकसभेच्या आदल्या रात्री म्हणाला होता, “मम्मी, आप मैम से हिंदी में ही बात करना, ठीक है?” पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. आईची फजिती होऊ नये, इतकंच. आई दुसऱ्या दिवशी कामाचं निमित्त सांगून सभेला गेलीच नाही. घरात ‘वेडनेसडे’ म्हटलं की मुलगा सुधारणार, ‘इस्कूल’ म्हटलं की नवराही हसणार. आता, हिंदीभाषकांपैकी कितीतरी जणांच्या जिभेवर ‘स’च्या जोडाक्षराआधी ‘इ’ येतेच. अकलेशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण जेवणाच्या ताटावर रोज हसण्यावारी गेलेला उच्चार ऑफिसच्या कॉलवर घशाशी येतो.

नवऱ्याला आणि मुलाला एकदा बोलावून घेतलं. ठरलं एवढंच, की बाईंचं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही, आणि चूक सांगायची ती त्यांनी विचारली तरच. मुलगा लगेच तयार झाला. नवरा बराच वेळ “मैं तो मज़ाक में कहता हूँ” यावरच अडून बसला होता.

मग भीतीची उतरंड लावली, म्हणजे कमी भीतीच्या कामापासून जास्त भीतीच्या कामापर्यंत. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायची पद्धत रूढ केली. समुपदेशनात आम्ही ती सर्रास वापरतो. मोबाइलवर स्वतःपुरती इंग्रजी व्हॉइस नोट: १५. बँकेच्या हेल्पलाइनवर इंग्रजीचं बटण दाबून बोलणं: ४०. सेक्शनच्या बैठकीत एक वाक्य: ६५. परदेशी कॉलवर प्रश्न विचारणं: ९५. सुरुवात अर्थात खालून.

हेल्पलाइन मला फार सोयीची वाटते. पलीकडचं माणूस अनोळखी, पुन्हा भेटायचं नाही, आणि ऐकून घेणं हा त्याच्या नोकरीचाच भाग. पहिल्याच फोनवर तिकडची मुलगी म्हणाली, “मैम, आप हिंदी में बता दीजिए.” बाई खट्टू झाल्या. त्यावरचं उत्तर आम्ही घोटून घेतलं: “आय ॲम प्रॅक्टिसिंग. प्लीज कंटिन्यू इन इंग्लिश.” पुढच्या फोनवर ते वापरलं तर तिकडून नुसतं “शुअर मॅम” आलं आणि खात्यातली शिल्लक इंग्रजीत सांगण्यात आली.

लाज मोडायची तर लाज वाटेल असंच काहीतरी मुद्दाम करायचं, असे व्यायाम मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस देत असत. त्या धर्तीवर मी बाईंना काम दिलं: बैठकीत नीट समजलं असलं तरी एकदा “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” म्हणायचं. त्यांनी म्हटलं. समोरच्याने पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं की आधीचा आकडा त्याने चुकीचा दिला होता.

वह्या फेकायला लावल्या नाहीत. आत काय लिहायचं ते बदललं. आठवडाभर कॉल नुसते ऐकायचे आणि लोक खरोखर काय बोलतात ते टिपायचं. कुत्री-मांजरं एकदाही पडली नाहीत. सापडलं ते असं: ‘बेअर विथ मी’, ‘लेट मी गेट बॅक टू यू’, ‘जस्ट अ हेड्स-अप’, ‘कॅन यू वॉक मी थ्रू धिस’, ‘वी आर रनिंग आउट ऑफ टाइम’. हेही वाक्प्रचारच, फक्त चालू बोलण्यातले, आणि जवळजवळ सगळे शब्द शाळेतले. शब्दसंग्रहाचा लोक उगीच धसका घेतात. बंगालमध्ये इंग्रजी शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांची सुमारे २००० निवडक शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग तेवढ्यात भागतो. एम.कॉम. झालेल्या माणसाला यातले बहुतेक शब्द वाचून समजतात. जिभेला ते वळण नसतं, इतकंच.

व्याकरणात तीनच चुका धरल्या, तिन्ही हिंदीच्या ओढीने होणाऱ्या. ‘सोमवार से’ आणि ‘तीन दिन से’, दोन्हीकडे ‘से’. म्हणून “वी आर वेटिंग सिन्स थ्री डेज”, जिथे ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’ हवं. ‘आप पेमेंट कब भेजेंगे’च्या चालीवर “व्हेन यू विल सेंड द पेमेंट?” (हवं ‘व्हेन विल यू’) आणि “आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग” (हवं ‘आय डोन्ट अंडरस्टँड’). एक चूक सुटत आली की दुसरी. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना सध्या हातच लावू नका, म्हटलं. हिंदीत तो प्रकार नाही, मराठीतही नाही, आणि तो चुकल्याने माल बंदरात अडत नाही. इंग्रजीचे शिक्षक रागावतील. रागावोत, मला बाईंना परीक्षेला बसवायचं नव्हतं. मेलचं तेवढं वेगळं. तिथे कराराची भाषा असते, ती दुसऱ्याकडून तपासून घ्यावी.

क्लासला माझा विरोध नाही. कुणी विचारलं तर एकच उलट विचारते: तासाभरात तुम्ही स्वतः किती मिनिटं बोलता?

काही महिन्यांनी नायजेरियातल्या लागोसच्या एका खरेदीदाराचं पेमेंट अडकलं आणि नेमका ज्युनिअर रजेवर. बाईंनी म्यूट काढला. “वी आर वेटिंग सिन्स टेन डेज. व्हेन कॅन यू सेंड द पेमेंट?” पहिलं वाक्य चुकलं, दुसरं बरोबर. तिकडून तारीख मिळाली. पोटातला गोळा तेव्हाही होताच. नव्वदला सुरू होऊन बोलता बोलता पन्नासवर आला, असं त्यांनीच मोजून सांगितलं. पालकसभेलाही जाऊन आल्या. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलल्या, आणि वर्गशिक्षिकाही तशीच बोलत होती, हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं.

बढती अजून झालेली नाही. सध्या त्यांची तक्रार वेगळी आहे: परदेशी कॉल आला की सेक्शनमधले सगळे तो यांच्याच गळ्यात मारतात आणि यांना नाही म्हणता येत नाही. आता त्यावर काम चालू आहे, हिंदीतच.