विसार देण्याआधी ती भिंत बघू

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या रो-हाऊसचे फोटो पाहिले. हॉल प्रशस्त आहे, उजेड छान येतो, आईला जिना चढावा लागणार नाही. घर तुला किती आवडलंय ते कळतंय, म्हणूनच सविस्तर लिहायला बसले. विसार दिला नसशील तर थांब.

दुसऱ्या फोटोत हॉल आणि स्वयंपाकघर एकच दिसतंय. पस्तीस वर्षांपूर्वीच्या रो-हाऊसमध्ये एवढी सलग मोकळी जागा सहसा नसायची. तिथे बहुतेक भिंत होती. ती काढून वर पीओपीचं सीलिंग केलंय, आणि माडीवर एक खोलीही चढवलीय. मालक म्हणतात, सगळ्या गल्लीने वाढवलंय. वाढवलं असेलही, पण त्याने माझी काळजी वाढते. रो-हाऊसची भिंत दोन घरांत सामाईक असते, शेजाऱ्याने काय तोडलं त्याचा भार तुझ्याकडेही येतो.

त्या काळची पुष्कळ घरं लोड बेअरिंगची आहेत. त्यांत कॉलम नाहीत, स्लॅब नऊ इंची भिंतींवरच बसलेला असतो. अशा घरात साडेचार इंची आडभिंत काढली तर बहुधा काही बिघडत नाही. नऊ इंची काढली, तर तिच्यावरचं ओझं आता कोण पेलतंय हे कुणीतरी दाखवायला हवं. आणि वरच्या खोलीचं वजन बघ. दहा फूट उंचीच्या नऊ इंची भिंतीचा एक फूट तुकडा चारशे किलोच्या घरात जातो. दहा बाय बाराच्या खोलीच्या चार भिंती आणि पाच इंची स्लॅब धरला, तर दारं-खिडक्या वजा करूनही अठरा-वीस टन होतात. पाया घातला तेव्हा हे वजन हिशोबात होतं का? खाली मुरूम असेल तर निभावून जाईलही. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया दर वर्षी थोडा हलतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. मी तिशीत होते. ओळखीच्या एका कुटुंबाने मधली भिंत काढू का असं विचारलं. मी नकाशा न बघता, भिंतीवर नुसतं ठोकून, तोंडी हो म्हटलं. पंधरवड्यात दाराच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग गेली आणि स्लॅब मध्ये खाली आला. टेकू लावले. त्या टेकूंमधून वाट काढत ते कुटुंब अख्खा पावसाळा राहिलं. कुणाला इजा झाली नाही, पण त्या घरातली लहान मुलगी टेकूला धरून उभी असलेली मला अजून दिसते. तेव्हापासून मी कागद पाहिल्याशिवाय कुणाला हो म्हणत नाही.

मालकांकडे मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला माग. नसेल तर शरणपूर रस्त्यावर राजीव गांधी भवनात महापालिकेच्या नगररचना विभागात नकलेसाठी अर्ज कर. गरज पडली तर माहिती अधिकारातही मागता येतो. नकाशा हातात घेऊन, टेप लावून, खोली-खोली फिरायचं. जे नकाशात नाही ते लाल पेनने काढायचं. वरची खोली नकाशात नसेल तर बँकेचा मूल्यांकन करणारा बहुधा ती धरणारच नाही, मग तिचे पैसे मालकांना तू कशाला द्यायचे?

घरपट्टीच्या पावतीवर वरची खोली आहे म्हणून ती अधिकृत, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. अनधिकृत बांधकामावरही कर लागतो, तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. नोटीस निघाली तर खरेदीखतानंतर मालक तूच असशील. नियमात बसणारं असेल तर शुल्क भरून नियमित करून घेता येतं. ते काम मालकांनी विक्रीआधी करावं, आणि तसं साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, लिहून घे. तोंडी आश्वासन नको.

स्ट्रक्चरल इंजिनिअर आपण नेमायचा, मालकांच्या ओळखीचा नको. काढलेल्या भिंतीच्या दोन्ही टोकांना सीलिंग उघडून, गिलावा फोडून बघायचं: बीम किंवा गर्डर आहे का, आणि तो भिंतीवर किती इंच टेकलाय. बाहेरच्या बाजूने एक खड्डा घेऊन पायाही पाहायचा. हे करू द्यायला मालकांनी नकार दिला तर घर सोड, माझा त्यावर दुसरा सल्ला नाही. भेग दिसली तर तिच्यावर प्लॅस्टरने काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहायची. पट्टी तडकली, तर घर अजून हलतंय. त्यासाठी महिना-दोन महिने जाऊ देत. कर्जाचे हप्ते वीस वर्षं चालणार आहेत.

रविवारी सकाळी नऊला मी येते. टेप आणि ओळंबा माझ्याकडे आहे, नकाशाची नक्कल तू आण. आणि मालकांना सांगून ठेव, वरच्या खोलीतलं कपाट भिंतीपासून दोन फूट पुढे ओढून ठेवा म्हणावं. फोटोत त्याच्या मागे ओल उतरल्यासारखी वाटतेय.

तुझी,
काकू