कॉफीच्या पिशवीवरील बारीक छिद्रे

प्रश्न : भाजलेल्या कॉफीच्या बियांची पिशवी आणली, तर तिच्यावर रुपयाच्या नाण्याहून लहान चकती आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली. पिशवी दाबली की त्यांतून वास येतो. मग पावसाळ्याची दमट हवा आत जाणार नाही का? मी वर चिकटपट्टी लावली आहे. — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : चिकटपट्टी कृपया काढून टाका. ही छिद्रे म्हणजे मुद्दाम बसवलेली एकदिशा झडप आहे. तिच्यातून आतला वायू बाहेर येतो, पण बाहेरची हवा आत जात नाही.

बिया भाजताना त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि भाजणीनंतरही तो कित्येक दिवस हळूहळू सुटत राहतो. पूर्ण बंद पिशवीत तो कोंडला तर पिशवी टम्म फुगते, प्रसंगी जोडाशी उसवते. झडप येण्यापूर्वी हा वायू निघून जाईपर्यंत कॉफी न भरता ठेवावी लागे, आणि तेवढ्या वेळात सुगंध उडे व हवेतल्या ऑक्सिजनमुळे बियांमधील तेल खवट होऊ लागे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील लुइजी गोल्यो यांनी पिशवीसाठी ही झडप तयार केल्यावर ताजी कॉफी लगेच भरता येऊ लागली.

जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवलेली रबरी नळी आठवा : पंपाच्या दाबाने ती किंचित सैल होऊन हवा ट्यूबमध्ये जाते, पण परत येत नाही. येथे दिशा तेवढी उलट असते. रिकाम्या पिशवीची चकती कापून पाहिलीत, तर आत रबराचा पातळ पडदा दिसेल. बहुतेक झडपांत त्याखाली तेलाचा बारीक थर असतो, जो पडद्याला बैठकीशी चिकटवून ठेवतो. आतला दाब थोडा वाढला की पडदा क्षणभर उचलला जातो आणि वायू गेला की पुन्हा बसतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथे भरलेली पिशवी घाट उतरून मुंबईला गेली की बाहेरचा दाब वाढून ती चपटी होते, तरीही झडप मिटलेलीच राहते. दळलेल्या कॉफीसाठी झडपेखाली गाळणकागद लावतात, कारण पडद्याखाली पूड अडकली तर हवा आत शिरू शकते.

वेफर्समधून असा वायू सुटत नाही, म्हणून त्यांच्या पाकिटात नायट्रोजन भरून ते पूर्ण बंद करतात. इडलीचे तयार पीठ मात्र आंबत असताना वायू सोडते, त्यामुळे तेथे अशी झडप उपयोगी पडते. पाकीट फुटत नाही, पण पीठ आंबट होणे थांबत नाही. ते काम फ्रिजचेच.

वास घेण्यासाठी पिशवी वारंवार दाबू नये, कारण सुगंधही वायूबरोबर निघून जातो. पिशवी कापल्यावर झडपेचा उपयोग संपतो. त्यानंतर आतली हवा दाबून काढून तोंड घट्ट बंद करावे. खरेदी करताना झडपेपेक्षा भाजणीची तारीख आधी पाहावी, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण शिळ्या कॉफीला झडप ताजेपणा देऊ शकत नाही.