अकरापैकी तीन

चि. लेखिके,

तुझं पत्र आणि अकरा स्पर्धांची यादी पोचली. यादी देखणी आहे. शेवटच्या तारखा लाल शाईत, बक्षिसाच्या रकमा हिरव्या, शब्दमर्यादा कडेला. दिवाळी अंकाच्या कामात पंचवीस वर्षं काढूनही मला एवढी टापटीप जमलेली नाही. तरी तिच्यातल्या आठ ओळींवर मी काट मारली आहे. का मारली ते आधी वाच, मग रुसायचं की नाही ते ठरव.

दोन तर बघताक्षणी गेल्या. प्रवेशशुल्क 300 रुपये, शिवाय निवड झालेल्यांनी प्रातिनिधिक संग्रहाच्या पाच प्रती विकत घेणं बंधनकारक. ही स्पर्धा नाही, छपाईचं बिल कवींनी वाटून भरणं आहे. तिथे निवड सगळ्यांचीच होते. मीही तुझ्या वयात अशा एका संग्रहात होते. पाचपैकी चार प्रती अजून माळ्यावर आहेत, पाचवी आईने कुणाला तरी दिली आणि त्या बाईंनी पुढे कधी विषय काढला नाही. तिसऱ्या स्पर्धेच्या नियमांत अगदी तळाला एक वाक्य आहे, 'साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.' म्हणजे बक्षीस नाही मिळालं तरी कथा त्यांची? असं काही दिसलं की फोन करून विचारायचं. समोरचा 'तसं काही नसतं हो, आमचा छापील नमुना आहे' म्हणाला तर गोड बोलून फोन ठेवायचा आणि कथा पाठवायची नाही.

उरलेल्या पाच काटा मात्र तुझ्याच कथेमुळे पडल्या.

वडिलांवरच्या गोष्टीच्या तू दोन्ही प्रती पाठवल्यास हे फार बरं केलंस. मूळची साधारण 2,100 शब्दांची, आणि 'स्त्री सक्षमीकरण' या विषयासाठी कापून 1,200 ची केलेली. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. मूळच्या प्रतीत एसटीत कंडक्टर असलेले वडील रात्री घरी येतात, चहा घेण्याआधी कॅशबॅग सतरंजीवर पालथी करतात आणि एक, दोन, पाचच्या नाण्यांचे मनोरे लावतात. मुलीला मनोऱ्याला हात लावायची परवानगी नाही, पण पाचाच्या मनोऱ्याची उंची तिच्या करंगळीएवढी असते हे तिला माहीत आहे. चार रुपये कमी पडतात. वडील परत मोजतात. आई स्वयंपाकघरातून काही विचारत नाही, फक्त भांड्यांचा आवाज थांबतो. हा आवाज थांबणं वाचून मी पेन्सिल खाली ठेवली.

कापलेल्या प्रतीत मनोरे नाहीत, करंगळी नाही, भांडी नाहीत. त्यांच्या जागी मुलगी वर्गात पहिली येते आणि सत्काराच्या भाषणात वडिलांच्या खाकीला सलाम करते. शब्दमर्यादा पाळण्यासाठी तू जिवंत तेवढं काढलंस आणि परीक्षकाला आवडेल असं वाटलं ते वाढवलंस. हे तू मुद्दाम केलं नाहीस, मला माहीत आहे. दिलेला विषय समोर ठेवून लिहायला बसलं की हात आपोआप तिकडे वळतो.

आता परीक्षकाच्या बाजूचं ऐक. एका कथास्पर्धेत आम्ही तिघं होतो. प्रत्येकाने शंभरपैकी गुण द्यायचे आणि बेरीज करायची. 140 कथा, विषय पाऊस. निम्म्याहून अधिक कथांत पहिल्या पानावर मातीचा वास आणि शेवटच्या पानावर कुणीतरी खिडकीशी. एका मुलाने मंडईतल्या ओल्या कोथिंबिरीवर लिहिलं होतं. पावसात जुडी भिजते, वजन वाढतं, गिऱ्हाईक ती झटकून घेतं, आणि विकणारी बाई झटकण्याआधी वजन करायची घाई करते. मी 92 दिले. शेजारच्या सरांनी 40 दिले, 'ही कथा नाही, प्रसंग आहे' म्हणून. तिसऱ्या बाईंचे 65. पहिली आली ती तिघांनीही 70 च्या आसपास गुण दिलेली कथा. ती कशावर होती ते मला आता आठवत नाही. यात लबाडी कुणीच केली नाही. तीन माणसांची बेरीज केली की ज्यावर कुणाचीच हरकत नाही ते वर येतं. निकाल हातात पडेल तेव्हा ही बेरीज आठव, जिंकलीस तरी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. स्पर्धेसाठी कथा लिहू नकोस. आधी लिहून झालेल्या कथेला एखादी स्पर्धा मापात बसते का ते बघ. नाहीच बसली तर स्पर्धा सोड.

ठेवलेल्या तिनांपैकी पहिली आहे दिवाळी अंकाची कथास्पर्धा. विषय खुला, मर्यादा 2,500 शब्द, शुल्क नाही. 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपल्याकडे लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. पण अंक दिवाळीत निघत असले तरी बनतात उन्हाळ्या-पावसाळ्यात. मे महिन्यात लेखकांना पत्रं जातात, आषाढात मजकूर येतो, श्रावणात तो चित्रकाराकडे, गणपतीत प्रुफं, नवरात्रात छपाई. दरवर्षी दसऱ्याला कुणीतरी ताजी कथा घेऊन येतं आणि आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवतो. यंदा अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात गेली आणि थोडी सवड मिळाली. तिच्यावर विसंबू नकोस. आणखी एक, निवड झाली म्हणजे कथा छापली असं नाही. अंक सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटांत, बसवायचा असतो. शेवटच्या आठवड्यात पानभर जाहिरात आली तर आधी नव्या लेखकाची कथा उडते. माझीही उडाली होती. संपादकांनी पत्र पाठवलं, 'साभार परत, पुढील वर्षी अवश्य पाठवावी.' मी आठवडाभर कुणाशी बोलले नाही. पुढच्या वर्षी तीच पाठवली आणि ती छापून आली.

दुसरी एकांकिकेची. तुझ्या कॉलेजचा गट पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला उतरतोय आणि तुला लिहायला बोलावलंय, तर जा. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ती घेतेय. ऑगस्टात भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा'च्या गदारोळात बसून आपलं वाक्य कुठे पडतं आणि कुठे पोचतं हे ऐकणं, याला तोड नाही. इथे तुझी मुदत वीस पोरांच्या तालमीशी बांधलेली असते, म्हणून लिहून होतंच. करंडकाचा विचार करू नकोस. 2022 मध्ये परीक्षकांनी तो कुणालाच दिला नव्हता. केवढा गहजब झाला तेव्हा! मला तो निर्णय पटला होता, हे इथे तुला म्हणून सांगते.

तिसरी म्हणजे राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. ही स्पर्धा नाही, पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मदत आहे. तुझ्याकडे चार कथा आहेत, त्यातल्या दोन खऱ्या. कागद जपून ठेव, दोन-तीन वर्षांनी बघू. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराचं तू शेवटी पेन्सिलीने लिहिलंयस. त्याला वयोमर्यादा 35 आहे, तू 20 ची. 2024 चा मराठीचा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागरांना मिळाला. स्वतः शिवणकाम करणारा माणूस, आणि 'उसवण' ही कादंबरी शिंप्याच्याच घरातली. विषय त्यांना कुणी दिला नव्हता.

पाठवताना मूळची, 2,100 शब्दांची प्रत पाठव. युनिकोडमध्ये टाइप कर. श्रीलिपीच्या जुन्या फाँटात केलेली फाइल आमच्याकडे उघडली की कधी कधी नुसते चौकोन दिसतात. वहीच्या पानांचे फोटो तर नकोच. नाव-पत्ता वेगळ्या पानावर, कथेवर नाही. आणि निकाल लागेपर्यंत ती फेसबुकवर टाकू नकोस, नियमात 'पूर्वप्रकाशित नसावी' आहे आणि हल्ली तेही प्रकाशनच धरतात.

एक शंका राहिली. चार रुपये कमी पडले तर वडील ते वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, 'येणे' म्हणून दाखवतात असं तू लिहिलंयस. मला वाटतं कंडक्टरला ते खिशातून भरावे लागतात. रविवारी घरी फोन करशील तेव्हा त्यांनाच विचार. आणि भरताना ते आईला सांगायचे का, तेही विचार.

तुझी,
मॅडम (हे मॅडम म्हणणं कधी थांबवणार आहेस?)