जांभ्याखाली खनिज आहे, हे कसे ओळखावे?

प्रश्न : आमच्या वाड्यामागच्या सड्यावर (जांभ्याच्या सपाट माळावर) चिरेखाण आहे. तिथला दगड लालभडक असून हाताला जड लागतो. सड्याखाली ‘मिनेर’, म्हणजे लोहखनिज आहे, असे गावातले जुने खाणकामगार ठामपणे सांगतात. ओळखीच्या एका गृहस्थांनी हातात धरायच्या एक्स-किरण यंत्राने दगड तपासला आणि त्यात लोह भरपूर असल्याचे सांगितले. एवढ्यावरून खाली खनिज आहे असे मानावे का?
— एक वाचक, सांगे

उत्तर : एवढ्यावरून मानू नये. गोव्यातल्या जांभ्यात लोह सापडले, तर त्यात नवल काहीच नाही. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानात खडक लाखो वर्षे कुजत राहिला, की त्यातील सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पुढे सावकाशीने सिलिकाही पाण्याबरोबर निघून जाते. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे जागेवर उरतात. त्यामुळे खालचा खडक बेसाल्ट असो, फिलाइट असो की नाइस, वरचा थर कमीअधिक लालच होतो आणि त्यातील लोहाचे प्रमाण मूळ खडकापेक्षा वाढलेलेच दिसते. म्हणून लोह किती आहे यापेक्षा त्याच्या सोबतीला काय आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

डिचोली, सत्तरीपासून सांग्यापर्यंत वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेल्या पट्ट्यातील लोहखनिज ज्या खडकापासून झाले, तो अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला पट्टेदार खडक आहे. त्यात लोहाच्या ऑक्साइडाचा एक पातळ थर आणि गारेचा (सिलिकाच्या स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा) एक पातळ थर अशी रचना दिसते. अशा १०० किलो खडकात ४३ किलो हेमॅटाइट (लोहाचे ऑक्साइड) आणि ५७ किलो गार आहे असे धरल्यास त्यात लोह साधारण ३० किलो, म्हणजे ३० टक्केच भरते. मुरणाऱ्या पाण्याने त्यातील ५० किलो गार विरघळवून नेली, तर उरलेल्या ५० किलोंत लोह तेच ३० किलो राहते, पण प्रमाण ६० टक्क्यांवर जाते. लोह बाहेरून न येताही खनिज तयार होते ते असे. आणि गारेचा आधार निघून गेल्यामुळेच खाणीत खोलवर हाताने चुरडता येईल अशी निळसर भुकटी, म्हणजे ‘ब्ल्यू डस्ट’, सापडते.

मूळ खडक कुठला होता, हे टायटॅनियम चांगले सांगते, कारण खडक कुजताना तेही फारसे हलत नाही. सत्तरीच्या ईशान्य कडेला सह्याद्रीत दख्खनचा बेसाल्ट येतो. त्यात लोह साधारण १० टक्के आणि टायटॅनियमचे ऑक्साइड २ ते ३ टक्के असते. पट्टेदार खडकात टायटॅनियम नावापुरतेच असते. दोन्हींचा जांभा डोळ्यांना सारखाच लाल दिसला, तरी लोहाला टायटॅनियमने भागले की पहिल्याचे उत्तर एक आकडी येते आणि दुसऱ्याचे शेकड्यांत जाऊ शकते. फिलाइटवरचा जांभा त्यातील ॲल्युमिनावरून (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडावरून) कळतो, कारण त्या खडकात मुळातच चिकणमाती फार. आपल्या गृहस्थांच्या यंत्राने टायटॅनियमही मोजले असण्याचा संभव आहे. तो आकडा त्यांच्याकडून मागून घ्यावा. ॲल्युमिना आणि सिलिकाच्या बाबतीत मात्र त्या यंत्रावर फार विसंबू नये. ते फक्त पृष्ठभाग वाचते आणि ओल्या किंवा खडबडीत दगडावर हलक्या मूलद्रव्यांचे आकडे सहज चुकवते. त्यासाठी नमुना वाळवून, दळून प्रयोगशाळेत द्यावा लागतो. तिथे तो तापवून वजनातली घटही मोजतात. गोएथाइट या लोहाच्या दुसऱ्या खनिजामध्ये सुमारे १० टक्के पाणी बांधलेले असते, हेमॅटाइटमध्ये नसते. त्यामुळे घट जास्त आली, तर दगडातील लोह बहुतांशी गोएथाइटच्या रूपात असण्याची शक्यता वाढते. गोएथाइट अगदी शुद्ध असले तरी त्यात लोह ६३ टक्क्यांच्या वर जात नाही, हेमॅटाइटमध्ये ते ७० टक्क्यांपर्यंत असते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. सड्याच्या उतारावरचा किंवा पायथ्याचा जांभा पुष्कळदा वरून घरंगळत आलेल्या खड्यांचा पुन्हा घट्ट झालेला असतो. त्याचे रसायन खालच्या खडकाविषयी बोलत नसून वरच्या डोंगराविषयी बोलते, आणि जुन्या कामगारांचा अनुभव कितीही दांडगा असला तरी हा फरक नुसत्या नजरेने नेहमीच कळत नाही. शेवटचा निर्णय बोअर घेऊन, निघालेल्या गाभ्याचे ठरावीक अंतराने विश्लेषण करूनच होतो; आणि तसे खोदकाम शासनाच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

प्रश्न : लोहाच्या खाणीत काही ठिकाणीच मँगनीज का मिळते? — एक विद्यार्थिनी, केपे

उत्तर : दोन्ही धातू एकाच जुन्या समुद्रातले असले तरी मँगनीज पाण्यात अधिक सहज विरघळते आणि साचण्यासाठी त्याला प्राणवायूही अधिक लागतो. त्यामुळे लोह आधी खाली बसते आणि मँगनीज पुढे जाऊन वेगळे साचते. नंतर खडक कुजतानाही हीच वाटणी पुन्हा होते. घरी ओळखायचे असेल, तर लादीच्या खरखरीत मागच्या बाजूवर दगड ओढून पाहावा : हेमॅटाइटची रेघ तांबडी, गोएथाइटची पिवळट तपकिरी आणि मँगनीजच्या खनिजाची बहुधा काळी उमटते.

प्रश्न : वारुळाच्या मातीवरून सोने सापडते, असे ऐकले. हे खरे असू शकते का? — एक वाचक, वाळपई

उत्तर : असू शकते. वाळवी ओलाव्यासाठी खोल जाते आणि तिथली माती वर आणते. पश्चिम ऑस्ट्रेलियात सोन्याच्या साठ्यावरील वारुळांत सोन्याचे प्रमाण आसपासच्या मातीपेक्षा जास्त आढळले आहे. भूकवचात सोने सरासरीने अब्जात काही भाग एवढेच असते, म्हणून शोधणारे बरेचदा आधी आर्सेनिक पाहतात. ते सोन्याच्या सोबतीने येते आणि त्याच्यापेक्षा विस्तृत भागात पसरते. लोहासाठी मात्र गोव्यात या पद्धतीचा उपयोग नाही, कारण इथल्या बहुतेक वारुळांच्या मातीत ते असणारच. नमुने घ्यायचेच झाले, तर ते रानातल्या वारुळांचे घ्यावेत, वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या सातेरी देवीच्या देवळातल्या नव्हे. तिथे वर्षानुवर्षे वाहिलेल्या हळदकुंकवामुळे, श्रद्धेचा विचार बाजूला ठेवला तरी, विश्लेषण बिघडते.